न धुतलेला पाला

माझ्या पोपटीला नाव ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मी पंचवीस वर्षं सांगत आलो. छाती फुगवून सांगत आलो. आता सांगत नाही. पण जे घडलं ते त्या फुगलेल्या छातीतूनच घडलं, म्हणून तिथूनच सुरुवात केलेली बरी.

मी विष्णू. निवृत्त मुख्याध्यापक, मुक्काम दहिवली. वय एकाहत्तर, आवाज अजून शाळेतलाच. आळीत मला नावानं कुणी ओळखत नाही, मास्तर म्हणतात. आमची सुचेता म्हणते, तुम्हाला माईक लागत नाही, लगाम लागतो. चव्वेचाळीस वर्षं संसार केलाय तिनं माझ्याशी, तेव्हा तिला म्हणायचा हक्क आहे.

पोपटी म्हणजे काय हे रायगडात कुणाला सांगावं लागत नाही. पण हल्ली शनिवार-रविवारी येणारे पाहुणे तिला ‘मटका बार्बेक्यू’ म्हणतात आणि माझं टाळकं सरकतं. अरे बाबांनो, मडकं घ्यायचं. तळाला भांबुर्डीचा पाला. भांबुर्डी म्हणजे भातकापणीनंतर बांधावर आपोआप उगवणारं उग्र वासाचं रोप. त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधे बटाटे, अंडी, मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. वर पुन्हा पाला, आणि मडक्याचं तोंड पाल्यानंच असं ठासायचं की उलटं केलं तरी एक शेंग बाहेर पडता कामा नये. मग मडकं उपडं ठेवून भोवती पेंढ्या-गोवऱ्यांचा जाळ. पाण्याचा थेंब घालायचा नाही. जे शिजतं ते आतल्या आत, वाफेवर.

आणि यात माझा खास नियम होता. पाला धुवायचा नाही, नुसता झटकायचा. धुतला की वास गेला आणि वास गेला की पोपटी गेली. दर वर्षी मडकं भरताना, भोवती जमलेल्या लोकांना मी हे पाढे सांगावेत तसं सांगायचो. ‘धुतलेला पाला म्हणजे आंघोळ घातलेली मेथी!’ हे माझं वाक्य. लोक दर वर्षी हसायचे. पंचवीस वर्षं एकाच विनोदावर हसणारी माणसं मिळायला भाग्य लागतं.

पाला आणायची कोंडी. डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतली. तिचा नवरा जैतू चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता, माझी नोकरीची पहिलीच वर्षं होती ती. हजेरीत त्याचा नंबर एकोणीस. अजूनही भेटला की मी “काय एकोणीस नंबर!” म्हणून हाक मारायचो आणि तो साठीचा माणूस “हजर, मास्तर!” म्हणायचा. हिवाळ्यात दोघं मिळून शेंगा आणि पाला गोळा करायची, आमच्या आळीला द्यायची, स्टेशनबाहेर बसायची, फार्महाऊसवाल्यांना पोचवायची. या पोपटीच्या हंगामावर त्यांचा उन्हाळा निघायचा. वाडीतली निम्मी घरं पोरंबाळं घेऊन वीटभट्टीवर जायची. ही दोघं गेली दहा वर्षं गेली नव्हती. कोंडी म्हणायची, “भांबुर्डीनं आमाला घरी ठेवलंय, मास्तर.”

यंदा आळीच्या पोपटीचं पंचविसावं वर्ष. माझा मुलगा अजेय ठाण्याला असतो. त्याच्या अंगात उत्साह संचारला. बॅनर काय, मांडव काय, त्याच्या ऑफिसातली मंडळी काय. मंडळाचा सचिव कमलेश, स्टेशनजवळ वह्या-पेनांचं दुकान चालवतो तो, त्यालाही चेव आला. दर वर्षी चार मडकी लागायची, यंदा सात लावायची ठरली. हे ठरलं आदल्या दिवशी संध्याकाळी, आणि कोंडीला निरोप गेला तो पोपटीच्याच दिवशी, रविवारी सकाळी, ती पहिल्या मडक्यांचा पाला घेऊन दारात उभी राहिली तेव्हा. मीच सांगितला.

“आणखी एवढाच पाला लागेल गं, कोंडे.”

ती डोक्यावरचा भारा उतरवत होती, तशीच थांबली. “आत्ता? मास्तर, पाला काय दुकानात हाय? कडावच्या बांधावरचा समदा काडून आनला. पलीकडं प्लॉट पाडून तारा मारल्यात, आत जाऊ देत नाय.”

“ते मला सांगू नकोस. शंभर माणूस जेवणार आहे. चारच्या आत पाहिजे.”

असं बोललो मी. माझ्याच घरचं कार्य, तिची माझी तीस वर्षांची ओळख, आणि मी शाळेतल्या शिपायाशी बोलावं तसा बोललो. शिपायाशीसुद्धा असं बोलू नये म्हणा.

ती गेली, आणि साडेतीनला आली. ऊन कलायला लागलं होतं, उल्हास नदीवरून गार वारा सुटला होता. अजेय पुढच्या अंगणात बॅनर बांधत होता, सुचेता आत बायकांबरोबर शेंगा निवडत होती. मागच्या शेतात विहिरीपाशी मी एकटाच मडकी मांडून बसलो होतो. कोंडीनं भारा खाली टाकला, पण दोर सोडेना.

“मास्तर, ह्यो पाला धुवायला लागंल.”

“काय?”

“फार्महाऊसच्या कुंपनापासला हाय. दुसरीकडं घावलाच नाय. तितं गवत माराचं औषीद मारल्यावानी वास येतो. वापरू नका म्हनते मी. नायतर हितंच इहिरीवर दोन-तीन पान्यात धुते न् वाऱ्यावर टाकते. तासभर जाईल.”

“तासभर? पाच वाजता लोक यायचेत! आणि धुतलेला पाला माझ्या मडक्यात? पंचवीस वर्षं न धुता लावतोय पोपटी, कुणाचं पोट दुखलं नाही.”

कोंडीला हसू आलं. वाईट हसू नव्हतं ते, लहान पोराची समजूत घालताना येतं तसं होतं. “न धुता कुटं, मास्तर? दरसाल मी व्हाळात धुवून, रातचा बाजंवर सुकवूनच आनते. न धुतलेला पाला कोन खानार? त्यात किडं आसतात, गुरं मुततात. तुमाला सांगितलं नाय कदी, तुमी धुवू नको धुवू नको करता म्हनून. आज येळ नवता न्हवं, म्हनून इचारते.”

मी उभा होतो तो खाली बसलो. पंचवीस वर्षं! पंचवीस वर्षं मी लोकांना धुतलेला पाला खाऊ घालून न धुतलेल्या पाल्याचं व्याख्यान देत होतो, आणि ही बाई बाजूला उभी राहून ऐकत होती. आता कुणीही मागच्या दारानं आलं असतं आणि तिनं हसत हसत हेच सांगितलं असतं, तर माझी काय शोभा झाली असती? त्या क्षणी माझ्या डोक्यात औषध नव्हतं, शंभर माणसं नव्हती, तेवढं एकच होतं.

“गप्प बस,” मी ओरडलो. “मला शिकवू नकोस. पाला ठेव आणि जा.”

“मास्तर, वास घेऊन तर बघा.”

“जा म्हटलं ना!”

ती गेली. मी दोर सोडला. वास घेतला. भांबुर्डीच्या उग्र वासाखाली काहीतरी वेगळं होतं, नाकात चुरचुरणारं. खोटं कशाला बोलू, मला तो वास आला. मी म्हटलं, हिच्याच दोराचा असेल. आणि शेवटची तीन मडकी त्या पाल्यानं भरली, तोंडं ठासली, उपडी केली.

संध्याकाळी झाली ती पोपटी मी पाहिलेली सगळ्यांत मोठी. सात जाळ एका रांगेत. सगळी आळी शेकत उभी, म्हातारे कानटोप्या घालून, पोरी जाळाभोवती फेर धरून. मी मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं म्हणजे पोपटी शिजली, मी हात वर केला, टाळ्या झाल्या. मडकी फुटली, शेंगांचा ढीग पडला, लोक फुंकर घालून घालून खायला लागले. मेथीचा विनोद मी यंदाही केला. का केला? सवय, दुसरं काय. माझी नात सई, नऊ वर्षांची, माझ्या मांडीवर बसून अंडी सोलत होती. आमच्यापुढं पडल्या होत्या त्या पाचव्या मडक्यातल्या शेंगा. त्या मी माझ्या हातानं तिला भरवल्या.

सकाळ होईपर्यंत आळीतली चौदा माणसं दवाखान्यात होती. उलट्या, पोटात कळा, घशाची आग. सई त्यांतली सर्वांत लहान. तिला सलाईन लावताना तिनं एकदाही रडून दाखवलं नाही आणि तेच मला बघवेना. डॉक्टर तरुण होते, त्यांनी विचारलं, “जेवणात फवारलेलं काही गेलंय का? भाजी, पाला?”

अजेय म्हणाला, “पाला! त्या बाईनं दुपारी कुठूनतरी घाईघाईत पाला आणून टाकला. मी पाहिलं तिला जाताना.”

मी तिथंच उभा होतो. दोन हातांवर. तोंड उघडलं असतं तर तेव्हाच सगळं संपलं असतं. पण सूनबाई पोरीचा पाय धरून बसली होती, तिच्याकडं बघितलं आणि मी मान सलाईनच्या बाटलीकडं वळवली. म्हटलं, आधी पोर बरी होऊ दे, मग सांगू. किती सोयीचं असतं ते ‘मग’!

तिसऱ्या दिवशी पोर बरी झाली. सगळेच झाले, देवाची कृपा. घरी येताना रिक्षात सई मला म्हणाली, “आबा, तुमची पोपटी चांगलीच होती हां. कोंडीमावशीनं घाण पाला आणला म्हणून झालं.” मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. नऊ वर्षांच्या पोरीपुढंही माझ्यानं खरं बोलवलं नाही.

तोवर कमलेशनं आळीच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता. ‘सर्वांना विनंती, वाडीवरचा पाला व शेंगा घेऊ नयेत. आपल्या मुलांचा जीव महत्त्वाचा.’ तो मेसेज आळीतून कर्जतभर गेला, कर्जतमधून फार्महाऊसवाल्यांच्या ग्रुपवर गेला. ऐन हंगामात. स्टेशनबाहेर वाडीच्या सहा-सात बायका टोपल्या घेऊन बसायच्या, लोक त्यांना वळसा घालून पलीकडच्या भाजीवाल्याकडं जायला लागले. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. कोंडीनं मला बघितलं आणि उभी राहिली. मला वाटलं, ही आता चारचौघांत बोलणार. ती नुसती उभी राहिली. मी फोन आल्यासारखा कानाला लावून पुढं गेलो.

दोन दिवसांनी जैतू घरी आला. मी खिडकीतून त्याला फाटकात बघितलं आणि सुचेताला म्हटलं, “झोपलोय म्हणून सांग.” तिनं माझ्याकडं बघितलं, पण सांगितलं. ओटीवरचं बोलणं मला आत ऐकू येत होतं.

“वयनी, शेंगा कोन घेत नाय. असंच ऱ्हायलं तर भट्टीवर जावं लागंल. मास्तरांनी योक शबूद टाकला ना, तर लोक आयकतील.”

“सांगते त्यांना,” सुचेता म्हणाली.

तो गेल्यावर ती आत आली, पलंगाच्या कडेला उभी राहिली. “पाला धुतला होता का हो तुम्ही?”

“माझ्या पोपटीत पाला धुवत नाहीत, तुला माहीत नाही?” मी खेकसलो.

“मला माहीत आहे. म्हणूनच विचारलं.” एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली. म्हणजे तिला कळलं होतं. चोराच्या मनात चांदणं, मी उशी डोक्यावर घेऊन दिवसाउजेडी पडून राहिलो.

पुढच्या रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये मंडळाची बैठक लागली. दोनच दिवसांपूर्वी तिथं बायकांचं हळदीकुंकू झालं होतं, कोपऱ्यात तिळगुळाच्या रिकाम्या पराती तशाच होत्या. कोंडीला बोलावलं होतं. ती धुतलेलं लुगडं नेसून आली, चपला बाहेर काढल्या आणि दारातच उभी राहिली. मागं जैतू. कमलेशनं विचारलं, “पाला कुठून आणलास?”

“पयल्या चार मडक्यांचा कडावच्या बांधावरचा. मंगचा फार्महाऊसच्या कुंपनापासला.”

“तिथं औषध मारलंय हे कळलं नाही तुला?”

“कळलं. वास आला.”

हॉलमध्ये एकच कालवा झाला. अजेय उठून उभा राहिला. “वास आला तरी आणलास? माझी मुलगी मेली असती!”

“आनला न् सांगितला बी,” कोंडी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “धुवूया म्हनलं.”

“कुणाला सांगितलंस?”

ती माझ्याकडं वळली. “मास्तरांना इचारा. मास्तर खोटं नाय बोलनार.”

सगळ्या माना माझ्याकडं फिरल्या. हजार वेळा पोरांपुढं उभा राहिलेला माणूस मी. ‘खरं बोल, शिक्षा कमी होईल’ हे वाक्य किती पोरांना ऐकवलं असेल, गणती नाही. पहिल्या रांगेत अजेय होता, त्याचा चेहरा लाल झालेला. शेजारी सूनबाई. त्यांच्यामागं ती चौदा माणसं, त्यांतले चार तरी माझे विद्यार्थी. आणि माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते असं:

“त्या दिवशी गडबड फार होती. काही म्हणाली असेल… मला नीटसं आठवत नाही.”

कोंडी माझ्याकडं बघत राहिली. रागानं नव्हे. रागानं बघितली असती तर मला बरं वाटलं असतं. मग म्हणाली, “बरं, मास्तर,” आणि चपला घालायला बाहेर गेली.

जैतू दारात थोडा रेंगाळला. “मास्तर, माजा हजेरीतला नंबर तुमाला याद हाय,” तो म्हणाला. “पन्नास वर्सं झाली.” आणि तोही गेला. कमलेश म्हणाला, “बघा, उलट उत्तरं कशी देतात!” कुणी त्याला हो म्हणालं, कुणी नुसती मान हलवली.

घरी आल्यावर सुचेतानं पान वाढलं. वाढता वाढता म्हणाली, “करून गेला गाव आणि कांदळकराचं नाव.” त्यानंतर आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलली नाही. चहा पुढं यायचा, कप उचलला जायचा. मी तिच्यावर दोनदा ओरडलो, तिनं एकदाही ‘ओरडू नका’ म्हटलं नाही. घर खायला उठलं होतं मला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात वाचनालयाचा वार्षिक कार्यक्रम असतो. गाणी, पोरांची नाटुकली, शेवटी सत्कार. यंदा सत्कार माझा, पोपटीच्या पंचवीस वर्षांचा. हे आधीच ठरलं होतं आणि इतकं होऊनही कुणाला रद्द करावंसं वाटलं नाही. मला वाटत होतं, रद्द होईल. मनातून मी त्याचीच वाट बघत होतो. कमलेश पत्रिका घेऊन आला तेव्हा मी ठरवलं, बास. आता काय व्हायचं ते होऊ दे. आळीनं थुंकलं तरी चालेल, अजेयनं घरी यायचं सोडलं तरी चालेल. सगळ्यांसमोर सांगायचं.

शाल घालायच्या आधीच मी माईक हातात घेतला. म्हटलं, “मला काही सांगायचंय. कोंडीनं पाला धुवायला सांगितला होता. औषध मारलेलं आहे, वापरू नका, असं तिनं बजावलं होतं. मी तिला गप्प बसवलं आणि हाकलून दिलं. वास मलाही आला होता. ती मडकी मी माझ्या हातानं भरली. बैठकीत मी खोटं बोललो. दोष तिचा नाही, माझा आहे. शंभर टक्के माझा.”

मी डोळे मिटून उभा राहिलो. आता कोण पहिलं उठतंय, काय फेकून मारतंय, याची वाट बघत होतो.

टाळ्या पडल्या.

आधी दोघाचौघांच्या, मग सगळ्या हॉलच्या. मला कळेना. कमलेशनं माझ्या हातातून माईक घेतला. “याला म्हणतात शिक्षक!” तो म्हणाला. “एका गरीब बाईचं पोट चालावं म्हणून हा माणूस आज तिची चूक स्वतःच्या डोक्यावर घेतोय. एवढं मोठं मन आपल्यापैकी कुणाचं आहे?”

“अरे मूर्खांनो, टाळ्या कसल्या वाजवताय?” मी ओरडलो. “मी खरं सांगतोय!”

लोक हसले. मास्तरांची सवयच ती, मूर्ख म्हणायची. पुढच्या रांगेतल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं डोळे पुसले. मी पुन्हा माईककडं हात नेला तर कमलेशनं त्याच हातात नारळ दिला, मागून कुणीतरी शाल घातली. अजेय स्टेजवर चढून माझ्या पाया पडला. कानात म्हणाला, “बाबा, मी तिच्यावर तक्रार वगैरे करणारच नव्हतो. तुम्ही एवढं मनाला लावून घ्यायला नको होतं.” मी त्याचा दंड धरून म्हटलं, “अजेय, तुझी शपथ, मीच केलं ते.” तो म्हणाला, “हो बाबा. चला, बसा, दमलात.” सगळ्यात मागच्या खुर्चीवर सुचेता बसली होती. त्या हॉलमध्ये तिच्या एकटीचेच हात मांडीवर होते.

सकाळी ग्रुपवर माझा शालीतला फोटो. खाली ओळ, ‘मास्तरांच्या मनाच्या मोठेपणाला सलाम.’ आणि त्याखाली, ‘पाला व शेंगांबाबतची पूर्वीची सूचना कायम आहे.’

मी तसाच उठलो. सुचेता म्हणाली, “जाताय?” आठ दिवसांत तिचा पहिला शब्द. म्हटलं, “जातोय.” रिक्षा डांबरी संपते तिथंवर गेली, पुढं चढ चालत चढलो. धाप लागली, दोनदा बसलो. वाडीच्या तोंडाशी एक टेंपो उभा होता. त्यात पातेली, घोंगड्या, बांधलेली गाठोडी, दोन कोंबड्या. जैतू मागं उभा राहून गाठोडी रचत होता. त्यानं मला बघितलं. या वेळी मी नंबरानं हाक मारली नाही आणि त्यानं पुढचं गाठोडं उचललं.

कोंडी झोपडीचं दार बाहेरून बांधत होती.

“कुठं निघालात?” मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

“खालापुराकडं. भट्टीवर. मुकादमानं गाडी धाडली.” ती सुतळीची गाठ मारत होती. “पानी देऊ का, मास्तर? हंडा बांधला, पन शेजारनं आनते.”

“पाणी नको. कोंडे, मी सांगितलं गं. काल. सगळ्यांसमोर, माईकवर. तू बजावलं होतंस, मीच खोटं बोललो, सगळं सांगितलं. पण कुणी मानायलाच तयार नाही. टाळ्या वाजवल्या लोकांनी. मी काय करू, सांग.”

तिनं गाठ पुरी केली. ओढून बघितली. मग माझ्याकडं वळली.

“कानावर आलं माज्या,” ती म्हणाली. “त्या दिशी मी दारात उबी ऱ्हाऊन तुमचं नाव घेतलं. तवा तुमी हो म्हनला असतां, तर मानलं असतं लोकांनी. तवा मी बी हुती तितं. काल बोललात त्ये तुमचं मोठंपन झालं, मास्तर. माजं काय झालं?”

टेंपोवाल्यानं हॉर्न दिला. जैतूनं हात खाली केला, कोंडी त्याला धरून वर चढली आणि गाठोड्यावर बसली. मी म्हणालो, “मी परत सांगेन. घरोघर जाऊन सांगेन.” तिनं मान हलवली, पण ती हो होती की नाही, ते मला कळलं नाही. टेंपो उतारावरून खाली गेला. मी तिथंच उभा राहिलो, कारण त्याच रस्त्यानं मलाही घरी जायचं होतं आणि पाय उचलत नव्हता.